मोजपट्टी आधी, पॅनेल नंतर: ऐकण्याच्या खोलीतला आवाज आणि कंपनं ताळ्यावर आणताना

नवा ॲम्प्लिफायर आणला, केबली बदलल्या, तरी डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीत छातीवर आदळतो आणि शेजारच्या खुर्चीत जवळजवळ ऐकूच येत नाही, अशी तक्रार असेल तर यंत्रांना दोष देऊ नका. दोन बऱ्या ॲम्प्लिफायरांच्या आवाजात एका डेसिबलचाही फरक मुश्किलीने सापडतो. उलट स्पीकर तोच ठेवला तरी, काहीच न केलेल्या खोलीत खर्जातल्या दोन जवळच्या सुरांत पंधरा-वीस डेसिबलचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे.

हा फरक कुठे पडणार ते बऱ्याच अंशी आधीच सांगता येतं, आणि त्यासाठी लागणारं मुख्य हत्यार म्हणजे सुताराची मोजपट्टी. आवाज हा लांबीचा मामला आहे. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत तो सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्झच्या सुराचा एक तरंग ३.४३ मीटर लांब, १,००० हर्ट्झचा ३४ सेंटीमीटर, आणि १०,००० हर्ट्झचा साडेतीन सेंटीमीटरपेक्षाही थोडा कमी. खोलीच्या लांबीरुंदीशी खर्जाचा तरंग जुळतो, भिंतीवरच्या पॅनेलच्या जाडीशी वरचे सूर जुळतात. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी बसायची आणि स्पीकरची जागा, मग शोषण, मग खडखड आणि कंपनं, आणि सगळ्यात शेवटी इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळे सूर हवे तसे कमीजास्त करणारं साधन. हा क्रम उलटा करणारे लोक खूप आहेत, कारण जागा बदलायला पैसे लागत नाहीत आणि फुकटचा उपाय कुणाला खरा वाटत नाही.

आवाज अडवणं वेगळं, सुधारणं वेगळं

शेजाऱ्यांचा आवाज आत येऊ नये किंवा आपला बाहेर जाऊ नये, हे काम वस्तुमानाचं आणि फटी बुजवण्याचं आहे. भिंतीचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने सहा डेसिबल जास्त आवाज अडतो. भिंतीवर लावलेला स्पंज किंवा रॉकवूल (दगडी तंतूंचा लोकरीसारखा भराव) यात काडीचाही उपयोगी पडत नाही. तो खोलीच्या आतला आवाज शोषतो, पलीकडे जाणारा अडवत नाही. हा लेख आतल्या आवाजाबद्दल आहे. एकच अपवाद आहे, सबवूफरचं (फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरचं) जमिनीतून जाणारं कंपन, त्याकडे नंतर येऊ.

पहिली पायरी: खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहा. उदाहरणासाठी ४.५ × ३.५ × २.८ मीटरची खोली धरू. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराचा अर्धा तरंग बरोबर बसतो, तो सूर तिथे अडकून उभा राहतो. गणित सोपं आहे: ३४३ ला त्या अंतराच्या दुपटीने भागा. लांबीसाठी ३८ हर्ट्झ, रुंदीसाठी ४९, उंचीसाठी ६१. त्यांच्या दुप्पट, तिप्पट सुरांनाही तोच नियम लागू: ७६, ९८, १२२ आणि पुढे. हेच तुमच्या खोलीचे उभे तरंग, ज्यांना ध्वनिवाले मोड म्हणतात. तिरपे आणि कोपऱ्याकोपऱ्यातलेही असतात, पण सर्वांत जोरकस हेच.

तिन्ही मापं एकसारखी किंवा एकमेकांच्या पटीत असतील (३ × ३ × ३, किंवा ६ × ३ × ३) तर सगळे मोड एकाच सुरावर येऊन बसतात आणि तो सूर बाकीच्यांना गिळून टाकतो. अशा मापांची खोली निवडणं टाळता येत असेल तर टाळा.

हे राज्य किती वरपर्यंत चालतं? मॅनफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने त्यासाठी एक सूत्र दिलं: खोलीचा घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, सेकंदांत घ्या, त्याला घनफळाने भागा, वर्गमूळ काढा आणि २,००० ने गुणा. आपल्या खोलीचं घनफळ ४४ घनमीटर आहे. घुमण्याचा काळ अर्धा सेकंद धरला तर उत्तर येतं साधारण २१० हर्ट्झ. त्याच्या खाली खोली बोलते, वर स्पीकर आणि भिंतींचे परावर्तन बोलतात. म्हणून खर्जाचे उपाय आणि वरच्या सुरांचे उपाय वेगळे. एकाच जातीचं पॅनेल सगळीकडे लावून दोन्ही साधत नाही.

दुसरी पायरी: बसायची जागा

उभ्या तरंगाचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि पहिल्या मोडचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. त्यामुळे दोन जागा आधीच बाद होतात. मागच्या भिंतीला पाठ लावलेला सोफा: तिथे लांबीचे सगळेच मोड कमाल दाबाने ऐकू येतात, खर्ज फुगतो. आणि खोलीचा ऐन मध्य: तिथे पहिला मोड गायब, दुसरा कमाल.

सुरुवातीची जागा म्हणून लांबीच्या ३८ टक्क्यांचा नियम वापरतात, समोरच्या भिंतीपासून किंवा मागच्या. आपल्या खोलीत ४.५ चे ३८ टक्के म्हणजे १.७ मीटर. छोट्या खोलीत समोरून १.७ मीटरवर बसलं तर स्पीकर तोंडावर येतात, म्हणून मागच्या भिंतीपासून १.७ मीटर घ्या. हा नियम म्हणजे फक्त आरंभबिंदू. दरवाजे, खिडक्या, आत शिरलेला खांब, एका बाजूची हलकी भिंत, यांनी प्रत्यक्षात तो बदलतो.

मग खुर्ची दहा-दहा सेंटीमीटरने पुढेमागे सरकवत ऐका. यासाठी गाणं चांगलं नाही, एकेक शुद्ध सूर चांगला: ३० पासून १२० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या पायरीने, सगळे एकाच पातळीवर. कोणता सूर दणकतो, कोणता बुडतो ते लिहून ठेवा आणि आधी काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. ३८ किंवा ४९ च्या आसपास गोंधळ दिसला तर तो कुठल्या भिंतींचा हे लगेच कळतं. कानाची उंचीही यात धरा: २.८ मीटर उंचीच्या खोलीत १.४ मीटरवर ६१ हर्ट्झचा खड्डा असतो. बसल्यावर कान त्याच्या खाली येतो हे बरं आहे, पण उंच स्टुलावर बसून स्पीकर पारखणाऱ्याला चुकीचं चित्र मिळेल.

रुंदीत मात्र मध्यरेषेवरच बसा. तिथे ४९ हर्ट्झ थोडा दबेल, पण डाव्या-उजव्या स्पीकरचं संतुलन त्याहून महत्त्वाचं आहे. ही तडजोड डोळे उघडे ठेवून स्वीकारायची.

तिसरी पायरी: स्पीकर

स्पीकर समोर आवाज फेकतो हे अर्धसत्य आहे. खर्ज सगळ्या दिशांना जातो, स्पीकरमागच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो. ज्या सुराच्या पाव तरंगाइतकं अंतर स्पीकर आणि त्या भिंतीत असेल, तो सूर परतताना बरोबर उलटा होऊन येतो आणि मूळ आवाजाला मारतो. ३४३ ला अंतराच्या चौपटीने भागा: स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झला खड्डा, एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झला. पुरुषी आवाजाची भरदार बाजू आणि डग्ग्याचा घुमारा नेमका या भागात येतो, त्यामुळे हा खड्डा कानाला जाणवतो.

यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. स्पीकर भिंतीला अगदी खेटून ठेवला तर खड्डा वर, तीनशे हर्ट्झच्या आसपास सरकतो आणि तिथे दहा सेंटीमीटरचं पॅनेल त्याला खाऊ शकतं; फक्त खर्ज फुगतो, तो नंतर इक्वलायझरने कमी करायचा. किंवा स्पीकर भरपूर पुढे आणायचा. मधली, ना धड जवळ ना धड लांब अशी जागा बहुतेक घरांत असते आणि तीच सर्वांत वाईट. समोरच्या भिंतीपासून, बाजूच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून वूफरचं (स्पीकरमधल्या खर्जाच्या भागाचं) अंतर एकसारखं ठेवू नका, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच सुरावर पडतील.

आपल्या खोलीत बसून पाहू. खुर्ची समोरच्या भिंतीपासून २.८ मीटरवर. स्पीकरची तोंडं भिंतीपासून ७० सेंटीमीटरवर ठेवली तर खुर्चीपर्यंत २.१ मीटर उरतात. समभुज त्रिकोण करायचा तर दोन स्पीकरमधलं अंतर २.४ मीटर, म्हणजे बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी साधारण ५५ सेंटीमीटर. दोन्ही बाजूंची अंतरं सेंटीमीटरपर्यंत जुळवा. मधला गायक डावीकडे सरकलेला वाटतो तेव्हा कारण बहुतेक इथेच सापडतं. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर. स्पीकर आत किती वळवायचे हे कानाने ठरवा: आधी थेट कानाकडे, मग थोडे बाहेर, जिथे गायक नेमका मध्ये राहून आवाज टोचायचा थांबेल तिथे थांबा.

सबवूफरची जागा शोधायची युक्ती उलटी आहे. त्याला तुमच्या खुर्चीत बसवा, खर्जाचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत कान जमिनीलगत ठेवून ऐका. जिथे खर्ज सर्वांत सपाट आणि स्पष्ट, ती सबवूफरची जागा. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचं उत्तर तेच राहतं, म्हणून ही युक्ती चालते. (दार लावून घ्या, बाहेरून पाहणाऱ्याला याचं स्पष्टीकरण देणं अवघड असतं.)

दोन सबवूफर घेता आले तर ते मोठा आवाज मिळवण्यासाठी घेऊ नका, सपाट खर्जासाठी घ्या. स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत टॉड वेल्टी यांनी अनेक मांडण्या तपासल्या; समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ही मांडणी त्यांत फार चांगली ठरली. कारण समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या मोडमध्ये दोन टोकांचे दाब एकमेकांच्या उलट असतात. दोन्ही टोकांना सारखाच धक्का दिला की तो मोड पेटतच नाही. एक मोठा सबवूफर कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा दोन मध्यम केव्हाही चांगले, असं माझं ठाम मत आहे.

चौथी पायरी: किती शोषण हवं

खोलीत मध्यभागी उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. मागे झरझर, पत्र्यासारखी शेपूट ऐकू आली तर दोन उघड्या समांतर भिंतींमध्ये आवाज टेनिससारखा ये-जा करतो आहे. त्यांपैकी एका भिंतीवर काहीतरी मऊ किंवा खडबडीत आलं की ती शेपूट जाते.

घुमण्याचा हिशेब मांडण्याची सुरुवात १८९५ साली झाली. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कला-संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं आणि ते सुधारण्याचं काम वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण प्राध्यापकावर आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून व्याख्यानगृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजत गेला. त्यातून आलेलं सूत्र आजही वापरतात: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात. एक चौरस मीटर शोषण म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीतून जितका आवाज कायमचा निघून जाईल तितकं. १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल याच हिशेबाच्या सल्ल्याने बांधलं गेलं.

आपल्या खोलीत भिंती, जमीन, छत मिळून ७६ चौरस मीटर पृष्ठभाग आहे. रिकाम्या खोलीत तो सरासरी दहा टक्के शोषतो असं धरलं, तर शोषण ७.६ आणि घुमण्याचा काळ ०.९३ सेकंद. गाण्यासाठी घरात ०.३ ते ०.५ सेकंद बरा, ०.४ साठी जवळपास १८ चौरस मीटर शोषण हवं, म्हणजे दहाची तूट. कापडी सोफा, गालिचा, जाड चुणीदार पडदे आणि ऐकणारी माणसं मिळून त्यातले चार-पाच भरून काढतात. उरलेल्यासाठी १२० × ६० सेंटीमीटरची सात-आठ पॅनेल पुरतात. सूत्र छोट्या खोलीत काटेकोर चालत नाही आणि खर्जासाठी तर नाहीच, पण पंधरा पॅनेल घ्यायची की चार, एवढं ते नक्की सांगतं.

गालिचा आणि पातळ पडदे फक्त वरचे सूर खातात. नुसतेच तेच भरले की खोली मऊ, निस्तेज वाटते आणि खाली खर्ज तसाच घोंघावत राहतो. ‘खोली फार मेलेली वाटते’ अशी तक्रार येते तेव्हा शोषण जास्त झालेलं नसतं, एकांगी झालेलं असतं.

पॅनेल कुठे लावायची? खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात स्पीकरचा ट्वीटर दिसेल ती पहिल्या परावर्तनाची जागा. दोन्ही बाजूंना, छतावर, मागच्या भिंतीवर, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही स्पीकरसाठी खूण करा. हे परावर्तन मूळ आवाजामागून काही मिलिसेकंदांनी येतं. हेल्मुट हास या संशोधकाने १९४० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की इतक्या लवकर आलेला आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी वाटत नाही, तो मूळ आवाजातच मिसळतो. पण त्याचा रंग आणि रुंदी बदलते.

इथे जाणकारांत मतभेद आहेत. फ्लॉइड टूल यांच्यासारखे संशोधक म्हणतात की स्पीकर बाजूलाही नीट, सपाट आवाज फेकत असेल तर बाजूच्या भिंतींचं परावर्तन ऐकणाऱ्याला आवडतं, गाण्याचा मंच समोर रुंद पसरलेला वाटतो. स्टुडिओवाले ते सर्रास मारतात. माझा सल्ला: छतावरची आणि मागच्या भिंतीवरची खूण आधी झाका, बाजूच्या भिंतींवर आठवडाभर एक जाड रजाई टांगून पाहा, मग काढून ऐका. गाणं ऐकायचं तुम्हाला आहे, शास्त्रार्थ जिंकायचा नाही.

पाचवी पायरी: पॅनेल स्वतः बनवा

सच्छिद्र शोषक हवेच्या हालचालीला घर्षणाने अडवतो, आणि भिंतीला चिकटून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते पाव तरंगाच्या अंतरावर. १,००० हर्ट्झसाठी हे अंतर ८.६ सेंटीमीटर, १०० हर्ट्झसाठी ८६. म्हणून अडीच सेंटीमीटरचा नक्षीदार स्पंज फक्त वरचा सळसळाट कमी करतो, आणि अंड्यांचे ट्रे तर तेही धड करत नाहीत. जाडी आणि भिंतीपासूनचं अंतर, या दोनच गोष्टींनी पॅनेल खाली उतरतं.

चांगली सर्वसाधारण कृती अशी. १२० × ६० सेंटीमीटरची लाकडी चौकट, जाडी दहा सेंटीमीटर. आत घनमीटरला ४० ते ६० किलो घनतेच्या रॉकवूलच्या पाट्या. पुढे असं कापड की तोंडाला लावून फुंकलं तर हवा सहज पार जाईल; जाड रेग्झिन किंवा प्लास्टिकचं अस्तर नको. मागे उघडं ठेवा किंवा पातळ कापड लावा, आणि पॅनेल भिंतीपासून आणखी दहा सेंटीमीटर पुढे टांगा. तेवढ्या रिकाम्या हवेने तेच रॉकवूल बरंच खालपर्यंत काम करतं, फुकट. चौकट सोडून आतल्या भरावाचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं, तेव्हा स्क्रू आणि प्लग भिंतीच्या जातीप्रमाणे घ्या. छतावर टांगताना दुप्पट काळजी. भिंत ओलसर असेल तर हे मागचं अंतर बुरशीपासूनही वाचवतं.

रॉकवूल कापताना हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क आणि चष्मा. तंतू कातडीला खाजवतात. स्पंजाच्या बाबतीत आगीचा विचार करा: साधा पॉलियुरेथेन फोम चटकन पेटतो आणि विषारी धूर सोडतो, रॉकवूल जळत नाही. विजेच्या उपकरणांनी भरलेल्या बंद खोलीत हा फरक छोटा नाही.

खर्जासाठी कोपरे. तीन पृष्ठभाग मिळतात तिथे सगळ्या मोडचा दाब कमाल असतो, म्हणून सगळ्यांना एकाच जागी हात घालता येतो. जमिनीपासून छतापर्यंत, कोपऱ्यात आडवी बाजू साठ सेंटीमीटर होईल असा त्रिकोणी स्तंभ भरा. इतक्या जाडीला घट्ट रॉकवूलपेक्षा हलकं, सैल ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा भराव) चांगलं; फार दाट असलं तर तरंग आत शिरायच्या आधीच परत फिरतो. समोरचे दोन कोपरे, मग मागचे, मग जमलं तर भिंत आणि छत यांच्या सांध्यात. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंती खर्ज कोंडून ठेवतात, पातळ पार्टिशनची भिंत स्वतः हलून त्यातला काही खाते. तेव्हा पक्क्या भिंतीच्या खोलीत कोपऱ्यांवर जास्त खर्च करावा लागतो. उघडं दारसुद्धा थोडी मदत करतं.

विखुरणारी लाकडी पॅनेल, म्हणजे डिफ्यूझर, छोट्या खोलीत मी तरी सुचवणार नाही. त्यांना कानापासून बरंच अंतर लागतं. मागच्या भिंतीला वेगवेगळ्या जाडीच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट पुरेसं आहे.

सहावी पायरी: खडखड शोधा

महागड्या पायांची चर्चा करण्याआधी हे करा. २० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर बऱ्यापैकी मोठ्या आवाजात लावा, पण स्पीकरला झेपेल इतकाच. वीसच्या आसपास छोट्या वूफरची फेक पटकन मर्यादेबाहेर जाते. खोलीत फिरा. खिडकीची काच, पडद्याची कडी, कपाटाचं दार, फोटोची फ्रेम, स्विचची पट्टी, खोटं छत, काहीतरी कुठेतरी नक्की वाजेल. हात ठेवला की थांबतं, ते शोधा. फेल्टचे ठिपके, खिडकीला रबरी पट्टी, सैल स्क्रू घट्ट करणं, इतकंच लागतं. ज्याला लोक ‘स्पीकर फाटतोय’ म्हणतात त्यातलं निम्मं इथे सापडतं.

सातवी पायरी: कंपनं, आणि स्प्रिंग किती दबते ते

स्पीकरचा कोन (आवाज काढणारा हलता पडदा) पुढे जातो तेव्हा पेटी मागे ढकलली जाते. पण कोनाचं हलतं वजन काही ग्रॅम ते फार तर काही दशक ग्रॅम, आणि पेटी दहा-वीस किलो. म्हणजे पेटी कोनाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास हलते. त्याने आवाज थेट बिघडत नाही. बिघडतो तो पेटी ज्यावर ठेवली आहे त्याने: पोकळ टेबल, लाकडी फळ्यांची जमीन, पातळ पत्र्याचं स्टँड. ते पृष्ठभाग मोठे असतात आणि स्वतःच स्पीकर बनतात. काँक्रीटच्या जमिनीवर, भरीव स्टँडवर ठेवलेल्या स्पीकरला खरं तर फारसं काही लागत नाही. पोकळ स्टँड कोरड्या वाळूने भरला आणि वर स्पीकर चिकट पुट्टीच्या चार ठिपक्यांवर बसवला की झालं.

टोकदार खिळे, म्हणजे स्पाइक, कंपन तोडतात हा समज उलटा आहे. ते स्पीकरला जमिनीशी घट्ट जोडतात. गालिच्यावर स्पीकर डुलू नये म्हणून ते उत्तम. कंपन जमिनीत जाऊ नये असं वाटत असेल तर निरुपयोगी.

कंपन तोडायला मऊ काहीतरी लागतं, आणि किती मऊ याचं गणित पुन्हा मोजपट्टीवर येतं. वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबते ते मोजा, त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा: ती त्या स्प्रिंगची स्वतःची वारंवारता. एक मिलिमीटर दबली तर १६ हर्ट्झ, चार दबली तर ८, दहा दबली तर ५. कंपन तुटायला सुरुवात होते त्या आकड्याच्या १.४ पट पुढे, आणि खरा फायदा तिप्पट-चौपटीनंतर. आणि नेमक्या त्या आकड्यावर कंपन कमी न होता वाढतं.

आता दुकानात मिळणारे कडक रबरी पाय पाहा. वीस किलोच्या सबवूफरखाली ते जेमतेम एक मिलिमीटर दबतात, रबर हलताना आणखी कडक वागतं, म्हणजे वारंवारता १६ च्याही वर. ३० हर्ट्झचा खर्ज त्यातून जवळजवळ जसाच्या तसा खाली जातो. त्याच सबवूफरखाली पाच किलो वजनाला दहा मिलिमीटर दबणाऱ्या चार स्प्रिंग लावल्या तर ३० हर्ट्झला कंपन तिसाव्या भागाहूनही कमी उरतं. खालच्या मजल्यावरून तक्रार येत असेल तर हाच उपाय करून पाहण्यासारखा आहे, पण तो जमिनीतून जाणारं कंपन तोडतो. हवेतून भिंतीवर आदळणारा खर्ज तसाच राहतो, त्याला आवाज कमी करण्यावाचून सोपा इलाज नाही. सॉर्बोथेनसारख्या रबरी पदार्थाचे मऊ पाय घेताना ते किती वजनासाठी आहेत ते पाहूनच घ्या: कमी वजनाखाली ते दगडासारखे वागतात, जास्त वजनाखाली चपटून बसतात. उंच, बारीक स्पीकर स्प्रिंगवर ठेवू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

कंपनाचा खरा बळी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवणारं यंत्र. सुई रेकॉर्डच्या खाचेतली सूक्ष्म हालचाल वाचते आणि जमिनीची हालचालही तितक्याच निष्ठेने वाचते. टोनआर्मचं (सुई पेलणाऱ्या दांड्याचं) वजन आणि कार्ट्रिजची (दांड्याच्या टोकाला सुई धरणाऱ्या डबीची) लवचिकता मिळून एक अनुनाद होतो, तो ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावा असं मानतात. त्याचं गणित: आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रूंचं प्रभावी वजन ग्रॅममध्ये, त्याला लवचिकतेने गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्याने भागा. एकूण १९ ग्रॅम आणि लवचिकता १२ असेल तर साडेदहा हर्ट्झ, उत्तम. लवचिकता १२ च्या जागी ३० असेल तर साडेसहाच्या आसपास, म्हणजे वाकड्या रेकॉर्डच्या लाटांच्या आणि पावलांच्या टप्प्यात. टर्नटेबलखाली स्प्रिंग लावताना तिची वारंवारता ८ ते १२ मध्ये येणार नाही हे पाहा. दहा मिलिमीटरचा दाब पुन्हा उपयोगी. ज्या टर्नटेबलमध्ये आतच स्प्रिंगची बैठक आहे त्याला बाहेरून आणखी स्प्रिंग देऊ नका, त्याला हलकं, ताठ फळीचं शेल्फ आवडतं.

लाकडी जमीन पावलांनी हलत असेल तर शेल्फ भरभक्कम भिंतीला ठोका. आणि टर्नटेबल कोपऱ्यात ठेवू नका, कारण मघाशी पाहिलं तसा सगळ्या मोडचा दाब तिथेच जमतो. तपासायचं असं: मोटर बंद, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर, आवाज अगदी खालपासून हळूहळू वाढवत न्या. नेहमीच्या पातळीच्या आधीच घुमणं सुरू झालं तर जागा किंवा बैठक बदला. हात बटणावरच ठेवा, हे घुमणं क्षणात वाढून वूफर जाळू शकतं.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला हलकी टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टणत्कार आला तर तिथे मऊ पाय सार्थकी लागतात. डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत संकेत करणारं यंत्र), ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, केबल यांच्याखाली काही ठेवून पैसे घालवू नका.

आठवी पायरी: मायक्रोफोन आणि इक्वलायझर

इथपर्यंत कान पुरतात. इथून पुढे मोजमाप हवं. रूम ईक्यू विझार्ड हा कार्यक्रम मोफत मिळतो. त्याला कॅलिब्रेशन फाइलसह (मायक्रोफोनच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या फाइलसह) येणारा यूएसबी मायक्रोफोन जोडा. मायक्रोफोन कानाच्या जागी, २० ते २०,००० हर्ट्झची चढती ध्वनिलहर, पातळी ७५ डेसिबलच्या आसपास. डावा, उजवा आणि दोन्ही असे वेगळे आलेख काढा, आणि डोक्याच्या आसपास वीस-तीस सेंटीमीटरवर तीन-चार ठिकाणीही.

नुसत्या उंचसखल रेषेपेक्षा वॉटरफॉल आलेख पाहा. त्यात सूर थांबल्यावर कोणती वारंवारता रेंगाळते ते दिसतं. ३८ हर्ट्झची डोंगररांग शेवटपर्यंत लांबलेली असेल तर कोपऱ्यात आणखी जाडी हवी किंवा खुर्ची हलवायला हवी.

इक्वलायझर फक्त २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली, आणि फक्त उंचवटे कापायला. खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे परावर्तनाने मूळ आवाज मारलेला. तुम्ही मूळ वाढवला की परावर्तनही तितकंच वाढतं आणि खड्डा तिथेच राहतो. वर ॲम्प्लिफायरला दहा डेसिबलसाठी दहापट शक्ती लागते ती वेगळीच. जो उंचवटा तीन-चारही ठिकाणच्या आलेखांत दिसतो तोच कापा. एकाच ठिकाणी दिसणारा सोडून द्या. काम झाल्यावर इक्वलायझर चालू-बंद करून तुलना करताना दोन्हीची पातळी मीटरवर सारखी करून घ्या, कारण अर्धा-एक डेसिबल मोठं वाजणारं कानाला नेहमीच ‘सुधारलेलं’ वाटतं.